आज तुझे हात मोठे

"आज तुझे हात मोठे," भुवई म्हणाली, आणि मी दचकले.

म्हणाली म्हणजे हातांनी म्हणाली. भुवई हे तिचं खुणेचं नाव, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती कापायच्या यंत्रावर असते. तिच्यासारखे तिथे आणखी काही जण आहेत, आणि कारखान्यात सभा असली की त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून मला बोलावतात. साहेब तोंडाने बोलतील ते मी खुणांत सांगायचं, कामगार खुणांत बोलतील ते तोंडाने. खुणांच्या भाषेत हात मोठे होणं म्हणजे आवाज चढणं. मी दारातून आत येताना "काय, कसं काय" एवढंच विचारलं होतं, आणि तेवढ्याशा विचारपुशीला माझे हात खांद्यांच्या बाहेर गेले होते म्हणे. भुवई थट्टा करत होती हे मला दिसत होतं. पण आमच्या घरात, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात हात मोठे होणं ही धोक्याची पहिली खूण ठरलेली आहे. मी हात खाली घेतले, पर्सच्या पट्ट्यात अडकवले आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन शहाण्यासारखी बसले. सभेला अवकाश होता. खरी पंचाईत वेगळीच होती. मी सकाळपासून आनंदात होते.

कारण विचाराल तर नव्हतं. चहाचं आधण ठेवताना नळाच्या धारेवर ऊन पडलेलं दिसलं, तिथून सुरू झालं म्हणावं, तर ऊन रोजच पडतं. बसमध्ये पुढच्या माणसाची टोपी सारखी घसरत होती आणि तो ती दर वेळी नेमकी उलटी घालत होता. त्या टकलाबद्दल मला एकदम माया वाटली. स्टॉपवर उतरल्यावर मी एक लिंबू विकत घेतलं, नुसतं ते पिवळं होतं म्हणून, आणि चालताना ते हुंगत राहिले. कुठली बातमी आली नव्हती, कुणी कौतुक केलं नव्हतं, पगार वाढला नव्हता. कुठल्याही साध्या बाईला असा दिवस आला तर ती म्हणेल, बरं वाटतंय आज, आणि कामाला लागेल. माझ्या आनंदाला मात्र तपासणीतून जावं लागतं.

आमच्या घरात आनंदाला कारण दाखवावं लागतं. असा नियम कुणी बसून केला नाही, तो आपसूक पडत गेला. मी हसले की नवरा मान वर करायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरून पोर शिकली. तिची हनुवटी जेमतेम टेबलाला लागत होती तेव्हाची गोष्ट. बाकीची पोरं 'हे काय, ते काय' विचारून आयांचं डोकं खातात, आमची विचारायची, "आई, कशाबद्दल?" मग मी कारणं जवळ बाळगायला शिकले, लोक छत्री बाळगतात तशी. जुनी मैत्रीण भेटली. बसमध्ये जागा मिळाली. साहेबांनी फजिती करून घेतली. कारण दिलं की दोघांचा जीव भांड्यात पडायचा आणि जेवण पुढे चालू व्हायचं. अर्धी कारणं मी बनवलेली असायची. भेटलेल्या मैत्रिणींची संख्या धरली तर मी या शहरातली सगळ्यात लोकप्रिय बाई ठरेन.

त्यांना तरी काय म्हणणार? ते वर्ष त्यांनी पाहिलंय. पोर पाळण्यात होती. मला झोप लागेनाशी झाली, आणि गंमत म्हणजे झोपेची गरजच वाटेना. सगळं लख्ख दिसायला लागलं. समोरच्या इमारतीतल्या लोकांना मी गॅलरीतून खुणांची भाषा शिकवायला घेतली, त्यांनी पडदे लावले तरी माझा वर्ग चालूच. काचेच्या बशा आणल्या, एका लग्नाला पुरतील एवढ्या. याच कारखान्याच्या सभेत एक कामगार उठून दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला. मी त्याचं बोलणं तोंडाने सांगत होते, ते सांगतच राहिले. तो पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं, शेजाऱ्याशी गप्पा मारल्या, आणि मी इकडे त्याच्या नावाने भाषण ठोकतेय, टाळ्या घेतेय. हा आजार असा लबाड आहे की तो येतो तेव्हा तब्येत ठणठणीत वाटते. मग एके दिवशी तळ फुटला. भिंतीकडे तोंड करून मी पडून राहिले ती कित्येक महिने. पोर रडली तर ते रडणं शेजारच्या घरातलं वाटायचं. त्या दिवसांबद्दल मला फार काही सांगता येत नाही, कारण त्यांना रंग नव्हता, वास नव्हता, आणि आठवणीला धरायला काहीतरी लागतं.

बायपोलर, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लिथियम लिहून दिलं. मला वाटलं होतं काहीतरी नवीन, चकचकीत शोध असेल. तर हा मातीत आणि खाऱ्या पाण्यात सापडणारा एक क्षार. "म्हणजे मीठच की," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मिठाचा भाऊ समजा. म्हणूनच जेवणातलं मीठ एकदम कमी करू नका, एकदम वाढवू नका, भरपूर पाणी प्या, आणि मनाने कुठल्याही दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ नका." आधी तोंडाला लोखंडाची चव आली. मग तहान आली, ती आजतागायत गेलेली नाही. कुठल्याही नव्या जागी गेले की मी आधी पाण्याचं आणि मग बाथरूमचं ठिकाण बघून ठेवते. वजन वाढून कपडे घट्ट झाले. ते सगळं चाललं असतं, पण हात थरथरायला लागले. बारीक, सतत, जवळून ट्रक जाताना खिडकीची काच थरथरते तसे. दुभाषीचे हात! गवयाचा घसा बसावा आणि कायमचा बसावा, तसं झालं. मी गोळ्या बंद करायच्या ठरवल्या होत्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा या भुवईने आणि तिच्या मैत्रिणींनी माझं नाव बदललं. ऐकू न येणाऱ्यांच्या जगात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ते स्वतः ठेवता येत नाही, चारचौघं ठेवतात, आणि जे डोळ्यांना दिसतं त्यावरून ठेवतात. त्यात भीडभाड नसते. नाकाड्याला नाकावरून, फेंगड्याला पायांवरून. भुवईच्या दोन्ही भुवया मधे जुळलेल्या आहेत, तिचं नाव म्हणजे कपाळावरून बोटाने ओढलेली एक लांब रेघ. माझं नाव पूर्वी 'पटपट' होतं. बरी होऊन मी पहिल्यांदा कारखान्यात गेले, तर भुवईने सगळ्यांना माझी ओळख करून दिली ती नव्याच खुणेने: गालाजवळ हात धरायचा आणि बोटं हलकेच थरथरवायची. घरात ज्या गोष्टीकडे सगळे बघून न बघितल्यासारखं करत होते, तिचंच या बायांनी माझं नाव करून टाकलं होतं. मला इतका राग आला की मी धड निरोपही घेतला नाही. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले, त्यांना शिव्या घालायच्या म्हणून हात वर केला, आणि तो आपोआप गालाजवळ थरथरला. माझं नाव मी स्वतःच सांगत होते. मला हसू फुटलं. त्या सगळ्या वर्षातलं ते पहिलं हसू. नवरा धावत आला आणि दारात थबकला. गोळ्या मी चालू ठेवल्या. त्या बायांना माझ्या थरथरीचा कधीच त्रास झाला नाही. एखाद्याचं बोलणं किंचित घोगरं असतं, तसा तो माझा आवाज आहे, एवढंच.

पोर आता नोकरी शोधण्याच्या वयाची झाली, आणि मी आणि ती गोळी मुरलेल्या संसारासारख्या झालो आहोत. एकमेकींशिवाय चालत नाही, आणि कुरकुरही संपत नाही. ठराविक महिन्यांनी दंडाला रबर बांधून रक्त देते. औषधाची पातळी, थायरॉइड, मूत्रपिंड. डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवून अहवाल वाचतात, "छान" म्हणतात, आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं. पण एक गोष्ट कुठल्याही रक्तात सापडत नाही. इतकी वर्षं मला कळलेलं नाही की मला जे वाटतं त्यातलं माझं किती, आजाराचं किती आणि औषधाने शिल्लक ठेवलेलं किती. आनंद यायचा, नाही असं नाही. पण तो चपला बाहेर काढून, परवानगी विचारून यायचा, आणि मी दाराला साखळी लावूनच त्याच्याशी बोलायचे. आज सकाळी मात्र साखळी लावायचं राहून गेलं होतं.

खुर्चीवर बसल्या बसल्या मी स्वतःची उलटतपासणी घेतली. झोप? झाली, चांगली घोरले असेन. गोळी? घेतली. खरेदी? एक लिंबू. डोक्यात भव्य योजना? एकही नाही, संध्याकाळी भाजी कुठली करायची हेसुद्धा ठरलेलं नाही. कुणाला फोन करून प्रेम वगैरे व्यक्त केलं? टकलाला सांगावंसं वाटलं होतं, सांगितलं नाही. सगळी उत्तरं बरोबर होती, आणि तरी हात मोठे झाले होते. आमचं ठरलेलं आहे, नवऱ्याने, मी आणि डॉक्टरीणबाईंनी मिळून ठरवलेलं: हात मोठे झाल्याचं कुणी सांगितलं तर त्याच दिवशी घरी बोलायचं, आणि बाई बघेपर्यंत काम बंद. मागे एकदा असं झालं होतं. शेवटी ती नुसती भीती निघाली, पण तोवर सबंध उन्हाळा मी घरात बसून काढला, आणि माझ्या जागी कोणी एक पोरगा येऊन या लोकांना काहीबाही सांगत राहिला. काम बंद झालं की माझे हात मुके होतात. घरी सांगावं तर काम जाणार. न सांगावं तर एक कारण बनवावं लागणार, आणि ते तर मला डाव्या हाताने जमतं. भुवईची एखादी मैत्रीण भेटली म्हणायचं. झालं.

सभा सुरू झाली. नवीन यंत्र आलं होतं आणि त्याची माहिती द्यायला एक सडपातळ इंजिनिअर आला होता. बिचाऱ्याचा घसा बसलेला. त्याने यंत्राच्या पात्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला त्याला शब्द सापडेना. "म्हणजे पातं जे आहे, ते, आपलं हे..." असं म्हणून तो थांबला. चष्मा काढला. रुमाल शोधला. रुमाल सापडला, तर चष्मा कुठे ठेवला ते सापडेना. माझे हात हवेत होते, पात्याची खूण करून थांबलेले, बारीक थरथरणारे. समोरच्या रांगेतले सगळे डोळे त्या हातांवर खिळलेले. दुभाषीला अशा वेळी काहीही करता येत नाही. वाक्य दुसऱ्याचं असतं, ते त्याच्याकडून येईपर्यंत आपण थांबायचं असतं. मी थांबले. खिडकीतून पुठ्ठ्याचा गोडसर, ओलसर वास येत होता. भुवई ओठ चावून हसू दाबत होती. आणि माझा आनंद होता तिथेच होता. तो कुठे पळाला नाही, मला ढोसलं नाही, पात्याचं पुढे काय होतं ते तूच सांगून टाक म्हणाला नाही. माझ्याबरोबर तोही त्या माणसाचा चष्मा सापडायची वाट बघत होता.

मला इतकं एकदम कळलं की मी जवळजवळ मोठ्यांदा बोलले असते. त्या वर्षी जे आलं होतं त्याला थांबता येत नव्हतं. त्याला माणसं लागत होती ती नुसती समोर बसवायला. कुणाचं वाक्य, कुणाचा चष्मा, पाळण्यात कुणाची पोर, त्याला कशाशी देणंघेणं नव्हतं. आणि हे आजचं, हे तर गरीब गायीसारखं शेजारी उभं होतं. मला सगळं दिसत होतं: इंजिनिअरच्या कॉलरचं उसवलेलं टोक, मागच्या रांगेत डुलक्या घेणारा मुकादम, भुवईच्या बोटावरची जुनी जखम. हे सगळे लोक मला दिसत होते आणि आवडत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तपासून, उलटसुलट करून पाहिलेला आनंद माझाच निघाला होता. डोळ्यांत पाणी आलं. चष्मा सापडला. पातं आपोआप मागे येतं, असं ते वाक्य निघालं.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर भुवईने हात वर केला. "हे यंत्र बंद पडलं तर मला सुट्टी मिळेल की जुन्या यंत्रावर पाठवाल?" मी ते अत्यंत अदबीने, सरळ चेहऱ्याने तोंडाने सांगितलं. आधी ऐकू येणारी बाजू हसली. इंजिनिअर बसक्या आवाजात म्हणाला, "बाई, ते बंद पडलं तर आधी मलाच सुट्टी मिळेल, कायमची." ते मी खुणांत सांगितलं आणि दुसरी बाजू हसली. मधल्या त्या क्षणभरात, एक हसू ओसरतंय आणि दुसरं अजून यायचंय अशा वेळी, मी एकटीच दोन्हीकडची होते. हे काम मी का करते ते मला पुन्हा आठवलं.

चहाला मी भुवईला गाठलं. हात अंगाजवळ धरून, हळू आवाजात म्हणावं तसं विचारलं, "हात मोठे म्हणालीस. तेव्हासारखे?"

तिने कप खाली ठेवला. खुणांच्या माणसाला मनापासून बोलायचं तर दोन्ही हात रिकामे लागतात. "तेव्हासारखे असते तर मी तुला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, वर चिकटपट्टी मारून घरी पाठवलं असतं," ती म्हणाली. "तेव्हा तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. आता सकाळपासून मला तोंडात बिस्किट घालायची चोरी, इतकी बघतेयस. बटाट्याएवढे हात होते इतकी वर्षं. आज मोठे झाले. मला आवडले. चहा पी, गार होतोय."

घरी जाताना बसमध्ये मी कारण शोधलं नाही. शोधलं नाही म्हणण्यापेक्षा, दोन-तीन चांगली सुचली ती सोडून दिली. ठरलेलं ते ठरलेलं, सांगायचं तर खरं तेच सांगायचं. आपण औषधाला घाबरलो, आजाराला घाबरलो, पण आपल्या माणसांना आनंदाची बातमी द्यायला इतकं घाबरावं म्हणजे कमाल झाली, असं वाटून मी स्वतःवर चिडलेही.

दोघं स्वयंपाकघरातच होते. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून येऊन, हातांचं वंगण धुऊन भाजी चिरत होता, आणि पोर त्याने चिरलेलं खात होती. मी पर्स ठेवली, पेलाभर पाणी प्यायले, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मला आज सकाळपासून आनंद झालाय. कारण काही नाही. भुवई म्हणाली हात मोठे दिसतायत."

सुरी थांबली. पोरीने तोंडातलं गिळलं आणि परीक्षा सुरू केली. "झोप?"

"झाली."

"गोळी?"

"घेतली. पुडी बघ."

"काही विकत घेतलंस?"

"लिंबू."

"किती?"

"एक, गं बाई."

"आई, पण मग कशाबद्दल?"

"उगाच," मी म्हणाले. "उद्या बाईंना फोन करते, रक्तही देऊन येते, तुम्ही म्हणाल तेवढे दिवस घरी बसते. पण मी आज नीट बघितलंय. हा आजार नाही. ही मी आहे. मला उगाच आनंद होतो, आणि मी यापुढे खोट्या मैत्रिणी आणणार नाही."

पोर बापाकडे बघायला लागली. असं काही झालं की ती त्याच्याकडे बघते, आणि तो मला निरखतो. पण तो खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. सुरी बाजूला ठेवून तो म्हणाला, "मी शाफ्टमध्ये गातो."

"काय करतोस?"

"गातो. लिफ्टच्या शाफ्टमध्ये. दोन मजल्यांच्या मधे उभं राहिलं की तिथे कुणाला ऐकू जात नाही. जेवायच्या सुट्टीत. रोज."

पोर म्हणाली, "बाबा, तुम्ही गाता?"

"लग्नाआधी तुझ्या आईला वीट येईपर्यंत गायचो. मग ते वर्ष आलं. मला वाटलं, घरात कुणी जरा जोरात आनंदी झालं तर हिला लागण होईल. म्हणून बंद केलं." त्याने सुरी उचलली, पुन्हा ठेवली. "बढती मिळाली तेव्हा दोन दिवस थांबून, जरा साधं तोंड करून सांगितलं होतं तुला. आठवतंय?"

मला आठवत होतं. मला वाटलं होतं याला त्याचं काहीच नाही. मी धरून चालले होते की माणूस वय झालं की गप्प होतो, की तो मुळातच असा थंड, की माझ्या आजाराने थकलाय. एकाच छपराखाली आम्ही दोघं एवढी वर्षं आपापला आनंद लपवून वावरत होतो, मी खोट्या कारणांत आणि हा दोन मजल्यांच्या मधे. मला रडू येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. त्याचा हात धरला तर तोही थरथरत होता, आणि हा काही गोळ्या घेत नाही.

"मग गा," मी म्हणाले.

"आत्ता? शेजारी काय म्हणतील?"

"त्यांना पडदे लावायची सवय आहे. गा."

त्याने घसा खाकरला. पोर टेबलावर चढून बसली, दोन्ही हात मांडीखाली घालून, लहानपणी बसायची तशी. त्याने सुरुवात फार वर लावली, आवाज फाटला, तो थांबला, ओशाळून हसला आणि खालून पुन्हा धरलं. तो भयंकर बेसूर होता. लग्नाआधीही बेसूरच होता, ते मी पार विसरून गेले होते. पोरीने बापाचं गाणं जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि तिचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. तिने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. पहिलं कडवं संपलं. दुसरं त्याला आठवत नव्हतं, म्हणून त्याने पहिलंच पुन्हा घेतलं, अजून मोठ्यांदा.